आमेन म्हणायला माणूस लागतो

पिंपळनेर, जि. धुळे
९ ऑक्टोबर १९८७

गार्डकाका,

जयभीम आणि शालोम, दोन्ही एकदमच घ्या. मी लीला. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधली, सुपडू पॉइंट्समनची पोरगी, तुमच्या भिंतीला भिंत लागून राहिलेली. एवढी ओळख द्यावी लागते आहे, कारण सेगुलामावशी गेल्यापासून तुम्ही माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलेलं नाही. याही पत्राला देणार नसाल तर निदान माझ्या प्रश्नापुरतं द्या. प्रश्न खरोखरच अडला आहे.

इथे शाळेत सकाळची प्रार्थना संपली की दुसरीतली एक मुलगी ठणठणीत आवाजात 'आमेन' म्हणते. तिच्या घरचे ख्रिस्ती आहेत. बाकीची पोरं फिदीफिदी हसतात. आमचे मगन गुरुजीही ख्रिस्ती, म्हणून त्यांना अर्थ विचारला. ते म्हणाले, "बाई, प्रार्थना संपली की म्हणायचं असतं, एवढंच मला माहीत." तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा शब्द मीसुद्धा त्या मुलीएवढी असतानाच शिकले, आणि तोही तुमच्या घरी.

शुक्रवारची संध्याकाळ आठवते का? मावशी दिवे लावायची. ताटातल्या पावावर ते हिरवं फडकं झाकलेलं असायचं. तुमचं ड्यूटीवरचं जुनं निशाण, विटलं म्हणून रेल्वेनं बाद केलेलं आणि मावशीनं धुऊन, कडा शिवून घरात घेतलेलं. तुम्ही मनुकांच्या सरबताचा पेला हातात धरून हिब्रूत म्हणायला लागायचात, आणि मी नि तुमचा नथानेल त्या पेल्यावर डोळे लावून बसायचो. मला धीर निघायचा नाही. मी मधेच 'आमेन!' म्हणून ओरडायची. तुम्ही डोळे वटारून म्हणायचात, "लिले, थांब, गाडी अजून सुटली नाही." मावशी हसायची आणि पहिला घोट मलाच द्यायची.

तेव्हा माझं काय चुकायचं ते आता तरी सांगा. आमेन म्हणजे काय आणि ते नेमकं कधी म्हणायचं?

तुमची
लीला


भुसावळ
२१ ऑक्टोबर १९८७

चि. लीला,

आशीर्वाद. आधी खरं सांग, बाप्तिस्मा घ्यायचा विचार आहे का? तुमच्या त्या भागात मिशनची माणसं पुष्कळ. घ्यायचा तर घे, तू शहाणी आहेस, पण बापाला विचारलंस का? सुपडूला हल्ली अजिबात ऐकू येत नाही. सांगायचंच असेल तर पाटीवर लिहून दाखव, नाहीतर आख्ख्या क्वार्टरला कळेल आणि त्यालाच कळणार नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर चार ओळींत देतो.

शब्द आम्हा यहुद्यांच्या हिब्रूतला. ख्रिस्ती लोकांनी आमच्याकडून नेला, मुसलमान तोच 'आमीन' म्हणून म्हणतात. मूळ अर्थ पक्कं, भरवशाचं. विश्वास या अर्थाचा आमचा शब्द याच मुळातून आला. तान्हं मूल कडेवर घेऊन सांभाळणाऱ्याला जो शब्द आहे तोही याच मुळातला. म्हणजे भार टाकला तरी खाली पडू देणार नाही, असं काहीतरी. लोक 'तथास्तु' म्हणून अर्थ सांगतात, तो मला पटत नाही. तथास्तु देवानं म्हणायचं. आमेन माणसानं दुसऱ्या माणसाला म्हणायचं, की तू बोललास ते खरं आणि मी तुझ्या मागे उभा आहे.

म्हणून आमच्यात आपल्या प्रार्थनेवर आपणच आमेन म्हणत नाहीत. एकानं प्रार्थना करायची, ऐकणाऱ्यानं आमेन म्हणायचं. मी तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यातून हिरवं निशाण दाखवलं. ड्रायव्हरनं शिट्टी दिल्याशिवाय माझ्या निशाणाला अर्थ नव्हता, आणि माझ्या निशाणाशिवाय त्याच्या शिट्टीला. तसंच हे.

आता तुझं काय चुकायचं. आमच्या जुन्या गुरूंनी आमेनचे तीन प्रकार वाईट सांगितले आहेत. एक घाईचं, प्रार्थना संपायच्या आधीच ठोकून दिलेलं. दुसरं तुटकं, शेवटचं अक्षर गिळलेलं. तिसरं अनाथ, कशाला आमेन म्हणतोय हेच ठाऊक नसताना म्हटलेलं. तुझं पहिल्या प्रकारचं. नथानेलचं दुसऱ्या, कारण तोवर त्याच्या तोंडात पाव असे.

चार ओळी म्हणालो आणि कागद भरला. त्याला तू जबाबदार.

एझ्रा आवासकर


पिंपळनेर
५ नोव्हेंबर १९८७

गार्डकाका,

बाप्तिस्मा नाही, बाबासाहेबांनी दिलेलंच पुरेसं आहे. तुमचं पत्र वाचून आम्ही नवरा-बायको इतके हसलो की यादवना ठसका लागला. नंतर मीच ते मगन गुरुजींना वाचून दाखवलं. ते गंभीर झाले. म्हणाले, "म्हणजे बाई, आम्ही सगळे आयुष्यभर स्वतःच्याच अर्जावर स्वतःच सही करत आलो."

आमच्यातही असंच आहे, काका. वंदना झाली की सगळे मिळून 'साधु, साधु, साधु' म्हणतो. चांगलं झालं, बरोबर झालं, असं. एकटीनं वंदना म्हटली की ते म्हणताना मलाही जरा चुकल्यासारखं वाटतं.

आता पुढचं. पहिल्यांदा आमेन कुणी म्हटलं? आणि कशावर?

थंडी पडू लागली आहे. भरताची वांगी आली असतील, पण तुम्ही स्वतः भाजून खात असाल यावर माझा विश्वास नाही. आमचे नाना लिहितात (वाचता येतं पण लिहायचा कंटाळा, म्हणून शेजारच्या पोराकडून लिहवून घेतात) की तुमच्या घरी शुक्रवारी दिवा दिसतो. मग शुक्रवारी आमेन कोण म्हणतं?

लीला


भुसावळ
१ डिसेंबर १९८७

चि. लीला,

उत्तराला उशीर झाला. तुझ्या शेवटच्या ओळीनं झाला.

आधी सोपं सांगतो. आमेन पहिल्यांदा आशीर्वादावर नव्हे, शापांवर म्हटलं गेलं. आमचे पूर्वज वाळवंट ओलांडून आले तेव्हा समोरासमोरच्या दोन डोंगरांवर सगळ्यांना उभं केलं आणि पुरोहितांनी मोठ्यानं एकेक शाप वाचला. आंधळ्याला वाट चुकवील त्याला शाप. शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवील त्याला शाप. प्रत्येकावर सगळ्यांनी आमेन म्हणायचं. म्हणजे मी हे केलं तर मलाही लागो. सुपडूला हे पाटीवर लिहून दाखवलं तर तो म्हणाला, "बांध कोरनारावर शे का? मंग मना चुलतभाऊले पाठव तथा." 

आणखी एक गोष्ट आहे, ती मला फार आवडते. इजिप्तमधल्या एका मोठ्या शहरात आमच्या लोकांचं सिनेगॉग इतकं प्रचंड होतं की मागच्या माणसांना पुढचा आवाजच पोचायचा नाही. मग मधल्या लाकडी ओट्यावर एक माणूस हातात कापड घेऊन उभा राही. एक प्रार्थना संपली की तो कापड हलवी, आणि मागचे हजारो लोक आमेन म्हणत. पाहिलंस? आमच्यात दोन हजार वर्षांपूर्वी गार्ड होता. त्या लोकांना ऐकू येत नव्हतं, पण कोणती प्रार्थना चालली आहे हे ठाऊक होतं. म्हणून त्यांचं आमेन अनाथ नव्हतं, असं गुरू सांगतात.

आता अवघड. शुक्रवारी आमेन कुणीही म्हणत नाही. दिवा मी लावतो, पेला मी धरतो, प्रार्थना म्हणतो आणि थांबतो. थांबायची सवय झाली आहे ना. मग पितो.

सेगुलाच्या दफनाच्या दिवशी तू यायला निघाली होतीस, पण तुझी गाडी चुकली, म्हणून तुला ठाऊक नाही. मेलेल्या माणसासाठी आमची एक प्रार्थना असते, कद्दीश. तिच्यात मरणाचं नाव नाही, मेलेल्याचंही नाही. नुसती देवाची थोरवी. पण ती एकट्यानं म्हणता येत नाही. दहा माणसं लागतात, कारण त्या प्रार्थनेचा सगळा जीव समोरून येणाऱ्या आमेनमध्ये आहे. पूर्वी भुसावळात आमची इतकी घरं होती की सणाला पाट पुरत नसत. एकेक करून सगळी इस्रायलला गेली. त्या दिवशी धावाधाव करून आम्ही सात जमलो. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. मग माती लोटली आणि घरी आलो. पस्तीस वर्षं माझ्या प्रत्येक प्रार्थनेला त्या बाईनं आमेन म्हटलं, आणि तिच्यासाठी म्हणायला मी माणसं जमवू शकलो नाही.

नथानेल तिकडे इस्रायलमधल्या डिमोनाहून सारखा बोलावतो. एप्रिलचं तिकीटही काढलं आहे त्यानं. तिथे दहा काय, शंभर मिळतील. पण ती इथे आहे. मी त्याला कळवलं आहे, तिच्या कबरीपाशी एकदा आमेन ऐकेन तेव्हाच पेटी भरीन. नाहीतर तिकीट वाया गेलं तरी चालेल. तिच्या शेजारी जागा आहे, ती मी धरून ठेवली आहे.

आणि हो, नथानेलच्या पत्रात तुझं नाव आलं तेव्हा माझी ट्यूब पेटली. "बाबा बोलत नाहीत, लिहीत नाहीत, काहीतरी कर" असं त्यानं तुला कळवलं होतं, म्हणून तुला एकाएकी आमेनचा प्रश्न पडला. लबाड आहेस. पण प्रश्न चांगला होता.

एझ्राकाका


पिंपळनेर
१२ डिसेंबर १९८७
(पोस्टकार्ड)

काका, प्रश्न खरा होता, मुलगीही खरी आहे. पकडले गेले, कबूल. दहाच माणसं लागतात ना? पुरुषच लागतात का? मावशीच्या वर्षाची तारीख तेवढी उलट टपाली कळवा. लीला.


भुसावळ
२० डिसेंबर १९८७

चि. लीला,

दहा, आणि पुरुष. आमच्यात जुनी रीत तशी आहे, तुझं भाषण नको. आमच्या पंचांगाप्रमाणे वर्ष ७ फेब्रुवारीला, रविवारी भरतं. ठाण्याला, पुण्याला पत्रं टाकली आहेत. म्हातारी माणसं, कोण येतं पाहू. तू आलीस तर बरं वाटेल.

एझ्राकाका


पिंपळनेर
२२ जानेवारी १९८८

काका,

त्याच रविवारी शिष्यवृत्तीच्या परीक्षेला माझी नेमणूक लागली आहे. हेडमास्तरांच्या हातापाया पडून झालं, काही उपयोग नाही. पण यादव येतील. आणि दहा माणसांची काळजी सोडा. ती मी बघते. ठाण्याचे येवोत न येवोत, मावशीच्या पाठीमागून आमेन येईल, एवढा शब्द देते.

लीला


भुसावळ
१० फेब्रुवारी १९८८

चि. लीला,

तू इथे नव्हतीस, म्हणून सगळं क्रमानं सांगतो. यादवरावांनी सांगितलं असेल ते अर्धं समज, कारण ते स्वतःच इतके घाबरले होते.

तुझं पत्र आल्यापासून मी हवेत होतो. मला वाटलं, धुळ्याकडे आमची चार घरं तुला कुठेतरी सापडली. मी पाटीवर तुझं कौतुक लिहून लिहून सुपडूला वैताग आणला. शनिवारी रात्री ठाण्याहून दोघं आले. मी तिसरा. म्हटलं, लीलाचे दहा आले की झालंच.

रविवारी सकाळी दारात जीप थांबली. यादवराव उतरले. त्यांच्या मागून कोट घालून तुझे मगन गुरुजी, त्यांच्या चर्चमधले पाचजण, तुमच्या शाळेचा शिपाई वना, दोघं पागोटीवाले शेतकरी आणि रावेरचे केळीवाले सुकदेव पाटील, त्यांना जळगावला गाडीत घेतलं म्हणे. यादवराव हात जोडून म्हणाले, "काका, दहा मोजून आणलेत. एक जास्तच आहे, वाटेत कुणाला गाडी लागली तर असावा म्हणून." आणि मगन गुरुजी पुढे होऊन म्हणाले, "सगळ्यांना आमेन येतं. ज्यांना येत नव्हतं त्यांना जीपमध्ये शिकवलं."

लीला, चूक माझी. 'दहा माणसं' लिहिलं, 'आमच्यातली दहा' लिहायचं राहिलं. इतकं घरातलं होतं की लिहायला सुचलंच नाही. ठाण्याचे पाहुणे माझ्या कानाशी लागले, "यांच्यावर कद्दीश होत नाही." मी म्हटलं, मला ठाऊक आहे. आणि आत गेलो.

स्वयंपाकघरात सेगुलाच्या पाटावर बसलो. राग आला, तुझा नाही, सगळ्याचाच. ही माणसं पहाटेच्या अंधारात निघून, थंडीत कुडकुडत, दोन जिल्हे ओलांडून आली होती. त्यांना काय सांगू? की तुम्ही माणसं आहात पण मोजता येत नाही? समोर मलिद्याचं ताट होतं. भिजवलेल्या पोह्यात गूळ-खोबरं घालून मी पहाटेच करून ठेवलं होतं, भोवती पाच प्रकारची फळं, वर ते तुझं हिरवं फडकं झाकलेलं. कुणी गेलं की वर्षाला आमच्यात जियारतीचा मलिदा करतात. त्याच्याकडे बघता बघता डोक्यात आलं. कद्दीशला दहा लागतात. फळावरच्या प्रार्थनेला कुठे लागतात? तिथे एक म्हणणारा आणि एक ऐकणारा पुरतो. ऐकणारा कुठला, कोण, हे कुणी विचारत नाही. तुला मी कधी विचारलं होतं का?

बाहेर येऊन सगळ्यांना खरं ते सांगितलं. कुणी तोंड वाकडं केलं नाही. सुकदेव पाटील म्हणाले, "आम्ही काय पंगतीला थोडेच आलो? तुम्ही म्हणा, आम्ही आमेन म्हणतो." मग ताट घेऊन आम्ही लाइनीच्या कडेच्या कबरस्तानात गेलो. सुपडूही आला.

पहिली प्रार्थना सुरू केली आणि गोंधळ. हिब्रू कुणालाच कळेना. मगन गुरुजी अर्ध्यातच आमेन म्हणाले, त्यांच्या मागे दोघं, मग वना उशिरा एकटाच. सुपडू तर नुसता माझ्या तोंडाकडे बघत उभा. सगळी घाईची, तुटकी आणि अनाथ आमेनं एकाच जागी गोळा झाली. मी थांबलो. आणि ताटावरचं फडकं हातात आलं.

मी म्हटलं, "हे बघा. मी कशावर प्रार्थना म्हणतोय ते आधी मराठीत सांगीन. मग हिब्रूत म्हणीन. संपली की हे हलवीन. हललं की आमेन, त्याच्या आधी नाही." सुपडूला खुणेनं समजावलं. त्याचा चेहरा असा फुलला की मला आमची यार्डातली जोडी आठवली. म्हणाला, "तुम्ही निशान दखाडा, गार्डसाहेब. गाडी मी सोडस."

खजूर. संत्रं. बोरं. पेरू. प्रत्येक वेळी मी फडकं हलवलं आणि सगळ्यांच्या गळ्यातून एकदम आमेन आलं. सुपडूचं सर्वांत मोठं. केळ्याच्या वेळी मी सांगितलं, आमच्यात केळीला झाड समजत नाहीत, तिच्यावर जमिनीच्या पिकाची प्रार्थना म्हणतात. सुकदेव पाटील खूष. "बरोबर शे! केळ म्हंजे काय झाड नही. बठ्ठा जग चुकस इथं." शेवटी सब्ज्याची डहाळी हुंगून सुवासाची प्रार्थना म्हटली. तो सुवास सेगुलाच्या हाताला यायचा. तेवढं मी मराठीत सांगितलं आणि पुढे हिब्रू आठवेना. ठाण्याच्या पाहुण्यांनी मला शब्द दिला. फडकं हललं. आमेन आलं.

लीला, मागच्या वर्षी त्याच जागी माझ्या पाठीमागे कुणी नव्हतं असं मला वाटलं होतं. या रविवारी मी पाठ फिरवून उभा होतो आणि ते आमेन मला पाठीवर हात ठेवल्यासारखं लागलं. मी सगळ्यांदेखत रडलो. रडायला बरं वाटलं.

कद्दीश झालं नाही. ते डिमोनाला होईल. पण जे मला तिच्यासाठी इथे ऐकायचं होतं ते मी ऐकलं. कालपासून पेटी काढली आहे.

तुझं आमेन लहानपणापासून घाईचं. पण मावशी करायची तेच करतो. मलिद्याचा पहिला वाटा यादवरावांबरोबर तुझ्यासाठी पाठवला आहे, पोचेपर्यंत आंबला असेल तरी खा.

एझ्राकाका


पिंपळनेर
१९ फेब्रुवारी १९८८

काका,

आंबला होता. खाल्ला.

आधी मला इतकी लाज वाटली की दोन दिवस यादवशी बोलले नाही, जसं काही त्यांनीच केलं. मग तुमचं पत्र आलं आणि मी वर्गात मुलांसमोर वाचता वाचता रडायला लागले. ती दुसरीतली मुलगी उठून माझ्याजवळ आली आणि पदर धरून उभी राहिली. मी वर्गाला सांगितलं, आजपासून ती आमेन म्हणेल तेव्हा कुणी हसायचं नाही. ती आपल्या सगळ्यांच्या मागे उभी राहते आहे.

तुम्ही जा, काका. नथानेलला बाप हवा आहे. मला सांगवत नाही, पण सांगते. फक्त एक विचारू? दर वर्षी ती तारीख येईल. तुम्ही तिकडे. मग मावशीला आमेन कोण म्हणणार?

लीला


डिमोना
१८ डिसेंबर १९८८

चि. लीला,

इथे सगळं ठीक. नातू मला 'सबा' म्हणतो, म्हणजे आजोबा. वांगी मिळतात, पण भरीत काय करायचं ते यांना कळत नाही. गल्लीत निम्मे लोक मराठी बोलतात, त्यामुळे भांडण करायला अडचण पडत नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर वर्षभर मनात घोळवतो आहे. आता सुचलं आहे, ते नीट वाच.

सेगुलाचं दुसरं वर्ष २५ जानेवारीला, बुधवारी येतं. त्या दिवशी सकाळी साडेसातला इथल्या सिनेगॉगमध्ये मी तिच्यासाठी कद्दीश म्हणेन. माणसं दहाच्या वर असतात. भुसावळात तेव्हा अकरा वाजलेले असतील. निघताना हिरवं फडकं मी सुपडूकडे दिलं आहे, ते तुला ठाऊकच आहे. तू त्याला घेऊन तिच्यापाशी जा. घड्याळ स्टेशनशी लावून घे, तुझ्या शाळेच्या घड्याळावर माझा भरवसा नाही. अकराला तू फडकं हलव. तुम्ही दोघं आमेन म्हणा.

ऐकू येणार नाही, हे मला कळतं. समुद्र आहे मधे. पण मी काय म्हणतोय आणि कुणासाठी, हे तुम्हाला ठाऊक असेल. म्हणजे ते अनाथ नाही. आमच्या गुरूंनीच सांगून ठेवलं आहे. इथल्या रब्बींना, म्हणजे धर्मगुरूंना, मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

एझ्राकाका


पिंपळनेर
२७ जानेवारी १९८९

गार्डकाका,

काल शाळेत झेंडावंदन होतं म्हणून परवा रात्रीच्याच गाडीनं परत निघावं लागलं. आज पहिल्यांदा निवांत बसले आहे.

परवा सकाळी नाना पहाटेपासून तयार होऊन बसले होते. जुना निळा कोट काढला होता, त्याची बटणं मी लावून दिली. स्टेशनवर जाऊन घड्याळ लावलं, तुमच्या हुकमाप्रमाणे. मावशीच्या कबरीवर गवत वाढलं होतं, ते आम्ही काढलं. मी सब्ज्याची रोपं नेली होती, ती लावली. यादव पाणी आणायला गेले. नाना पाच मिनिटं आधीच जागेवर उभे राहिले, लाइनीकडे तोंड करून, हात सरळ. मी खुणेनं सांगितलं, नाना, इकडे मावशीकडे बघा. ते म्हणाले, "माले निशान दखानं पाहिजे. तू उभी ऱ्हाय तथा."

मी कबरीच्या उशाशी, त्यांच्या समोर उभी राहिले. काका, खरं सांगते, मला वाटलं होतं की अगदी खुळ्यासारखं वाटेल. अकरा वाजायला आले तेव्हा मी मनात म्हटलं, आता काका उभे राहिले असतील. आता म्हणत असतील. लहानपणी जशी घाई व्हायची तशी झाली, पण मी थांबले. गाडी सुटू दिली. आणि मग फडकं हलवलं.

नानांनी इतक्या मोठ्यानं आमेन म्हटलं की झाडावरचे कावळे उडाले. मी त्यांच्याबरोबर म्हटलं, पूर्ण, शेवटच्या अक्षरापर्यंत. यादव बादली घेऊन येत होते, त्यांनी बादली खाली ठेवली आणि तिथूनच म्हटलं.

त्याच वेळी जळगावकडून एक मालगाडी चालली होती. मी फडकं अजून खाली घेतलं नव्हतं. शेवटचा डबा आला. दारात गार्ड उभा होता, तरुण पोरगा, आमच्यापैकी कुणालाही न ओळखणारा. त्यानं कबरस्तानातून हलणारं हिरवं निशाण पाहिलं. क्षणभर गोंधळला. मग त्यानं हात बाहेर काढला आणि आपलं हिरवं निशाण आम्हाला दाखवलं, पुलाच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत.

नाना माझ्याकडे वळले. डोळे भरले होते. म्हणाले, "दख, जवाब उना." आलाच होता, काका.

फडकं मी धुऊन, घडी करून नानांच्या पेटीत ठेवलं आहे. पुढच्या वर्षीची तारीख कळवा.

तुमची
लीला